पिशवीची खोळ

मास्तरांच्या लघवीच्या पिशवीला मास्तरणीने मखमलीची खोळ शिवली, आणि सगळं तिथून बिघडलं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, कात्रीवाले. गळ्यात टेप, कानावर खडू, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. रस्त्याकडच्या खोलीत दुकान, मागच्या खोल्यांत संसार, मधे एक पडदा. एका दुपारी कोटाची बाही मशीनवर अर्धी टाकून ते वरच्या फळीवरचा अस्तराचा तागा काढायला स्टुलावर चढले. सत्तरीला टेकलेल्या माणसाने स्टुलावर चढू नये हे साऱ्या जगाला कळतं, फक्त सत्तरीला टेकलेल्या माणसाला कळत नाही. स्टूल कलंडलं, मास्तर खाली आले, खुब्याचं हाड मोडलं. इस्पितळात नेलं, ऑपरेशन झालं, आत लोखंड बसवलं. ऑपरेशन उत्तम झालं. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढे जे झालं त्याचा हाडाशी काडीचाही संबंध नाही.

ऑपरेशनच्या वेळी नळी घातली होती. माणूस उठून जाऊ शकत नाही, म्हणून लघवीच्या वाटेने आत एक रबरी नळी, नळीच्या दुसऱ्या टोकाला पिशवी, पिशवी खाटेच्या खालच्या दांड्याला अडकवलेली. ही वस्तू ऑपरेशनपुरती. माणूस शुद्धीवर आला, जरा बसता झाला, की काढून टाकायची. असं पुस्तकात लिहिलेलं असतं, भिंतीवरच्या तक्त्यातही लिहिलेलं असतं. आणि तो तक्ता नेमका अशा ठिकाणी लावलेला असतो की त्याच्या पुढ्यात ऑक्सिजनचं नळकांडं उभं असतं.

नळी राहिली, कारण ती सगळ्यांच्या सोयीची होती. सिस्टरांना सोयीची, कारण चादर ओली होत नाही. वॉर्डातल्या मामांना सोयीची, कारण भांडं घेऊन धावावं लागत नाही. मास्तरांनाही सोयीची, कारण परक्या बाईपुढे ‘मला लागली आहे’ असं म्हणावं लागत नाही. डॉक्टरांना वाटलं, सिस्टरांनी काढली असेल. सिस्टरांना वाटलं, डॉक्टर सांगतील तेव्हा काढू. सगळ्यांचं काम ते कुणाचंच नाही. लग्नात असं झालं तर मीठ वाढायचं राहतं. इथे माणूस वाचवायचा राहू शकतो.

पुरुषांच्या वॉर्डात बायकांना मुक्कामाला थांबू देत नसत. दिवे लागले की मास्तरीण घरी यायची. पडदा सारून दुकानात यायची आणि तिथेच उभी राहायची. मशीनवर तो कोट होता. बाही अर्धी जोडलेली, सुई कापडात खाली रुतलेली, वर दाबपट्टी टेकलेली. हात लावला असता तर ‘थांब गं, एवढी टीप संपवतो’ असा आवाज आला असता, इतकं ते ताजं होतं.

या घरात आवाज होता तो त्या मशीनचाच. संसारभर ती त्या आवाजात स्वयंपाक करत आली, पोराला झोपवत आली, भांडत आली. भांडणही मशीन थांबल्यावर करायचं असा नियम होता, कारण चालू मशीनवर मास्तरांना काही ऐकू जायचं नाही, निदान तसं ते म्हणायचे. चहा हवा असला तर तोंडाने मागायचे नाहीत. कात्रीच्या मुठीने टेबलावर टकटक करायचे. तिला या टकटकीचा इतका राग यायचा! ‘मी काय सुतारपक्षी आहे का, टकटक केली की बाहेर यायला?’ आता ती संध्याकाळी पडद्याजवळ उभी राहून त्या टकटकीची वाट बघायची. रस्त्यावर कुणाचा टाचेचा बूट वाजला तरी तिचा हात आपोआप चहाच्या पातेल्याकडे जायचा.

कोटवाला दोनदा येऊन गेला. सज्जन माणूस, पण घाईत.

“मास्तरीणबाई, बाहीच तर राहिली आहे. काढून द्या, कोपऱ्यावरच्याकडून टीप मारून घेतो.”

“कोपऱ्यावरचा पोती शिवतो. हा कोट मास्तर पुरा करतील.”

“अहो, पण कधी?”

“घरी आल्यावर.”

“निदान मशीनवरून काढून घडी तरी घालून ठेवा.”

“हात लावायचा नाही,” ती म्हणाली. एवढ्या जोरात म्हणाली की कोटवाला पायरीवरून मागे सरला. फोनवर मुलानेही तेच सांगितलं, “आई, दे ना तो कोट परत.” तो दूर नोकरीला, सुट्टी मिळत नव्हती, सल्ले मात्र भरपूर मिळत होते. तिने फोन ठेवून दिला. सुई कापडात होती तोवर काम चालू होतं. काम चालू होतं तोवर मास्तर फक्त तागा काढायला उठले होते.

आता खोळीचं.

मास्तरांची धाकटी बहीण म्हणजे वन्सं. स्वभाव वाईट नाही, नाक मात्र फार लांबचा वास घेणारं. पहिल्या भेटीला आल्या, फळं ठेवली, खुर्ची ओढली आणि बसता बसता त्यांचं लक्ष खाटेखाली गेलं.

“अगं बाई! हे असं उघड्यावर? सगळ्यांना दिसतंय की, वहिनी!”

“सगळ्यांच्याच खाटेला आहे, वन्सं.”

“सगळे म्हणजे आपण का? दादा कसा राहायचा, इस्त्रीच्या कपड्याशिवाय दाराबाहेर पाऊल नाही टाकलं कधी. उद्या ह्यांच्याकडचे बघायला येणार आहेत.”

मास्तर छताकडे बघत पडले होते. कानाची पाळी लाल झाली होती. मास्तरणीने ती पाळी पाहिली. लोकांच्या अंगावरचा एकेक डाग, एकेक उसवलेला टाका या माणसाने आयुष्यभर झाकला, आणि आता याच्या आतलं पिवळं पाणी याच्याच खाटेला टांगून जगाला दाखवतायत. वन्सं गेल्यावर तिने पिशवीचं माप वितीने घेतलं. घरी गेली, चिंध्यांच्या गाठोड्यातून कुणाच्या तरी जाकिटातला उरलेला गडद लाल मखमलीचा तुकडा काढला आणि हाताने शिवायला बसली. मशीनवर कोट होता ना.

दुसऱ्या दिवशी तिने पिशवी दांड्यावरून काढली, खोळीत घातली, वरचं बटण लावलं आणि मास्तरांच्या कुशीत, चादरीवर ठेवली. नळी चादरीखालून. काहीच दिसत नव्हतं. मास्तरांनी खोळ उलटसुलट करून पाहिली, टाके तपासले.

“काज हाताने घातलंस?”

“मग काय पायाने?”

“छान आहे. पण नाकापेक्षा मोती जड. मुताला मखमल!”

दोघं हसले. पडल्यापासून मास्तर पहिल्यांदाच हसले. तिला वाटलं, जिंकलं.

वन्सं आल्या ते आपल्या दिरांना घेऊन. त्यांनी वाकून खाटेखाली पाहिलं, काही नाही. समाधानाने मान हलवली. मग कुशीतली मखमल दिसली.

“हे काय? गरम पाण्याची पिशवी वाटतं?”

झाकली मूठ सव्वा लाखाची. मास्तरीण म्हणाली, “हो.”

“कंबर दुखते का रे दादा?”

“हं,” मास्तर म्हणाले. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, म्हणून एका अक्षरात भागवलं.

“मग अशी बाजूला ठेवून काय उपयोग? शेक लागला पाहिजे!” आणि वन्सं उठल्या. माया होती हो, माया नव्हती असं कुणी म्हणणार नाही. त्यांनी ती पिशवी दोन्ही हातांनी उचलली, मास्तरांच्या पोटावर ठेवली, वरून चादर खोचली आणि तळव्याने दाबून दाबून बसवली. “बघ, अजून कोमट आहे!”

मास्तर मास्तरणीकडे बघत राहिले. मास्तरीण भिंतीकडे बघत राहिली. दीर म्हणाले, “शेकाने फार आराम पडतो.” मास्तर-मास्तरणीला हसू आवरेना आणि सांगता येईना. पाहुणे जाईपर्यंत पिशवी पोटावरच होती. त्या दिवसानंतर वन्सं जेव्हा जेव्हा आल्या तेव्हा तेव्हा आधी शेक नीट केला.

आता यात कुणाला काय वाईट दिसणार? सिस्टरांनी खोळ पाहिली, म्हणाल्या, “किती गोड!” मामा पिशवी रिकामी करायला यायचे. एकच प्लास्टिकचा मग घेऊन ओळीने सगळ्या खाटा, मगात ना साबण ना हाताला साबण. तेही म्हणाले, “मास्तरीणबाई, मला एक मोबाइलला शिवून द्या की अशी.” पिशवी खाली लटकवा, पाणी वरून खाली जातं, खालून वर जाऊ देऊ नका, हे एकानेही सांगितलं नाही. माहीत नव्हतं म्हणून नव्हे, माहीत होतं. सांगायचं कुणी, हे ठरलेलं नव्हतं.

आणि डॉक्टर? हाडांचा तरुण डॉक्टर रोज सकाळी यायचा, मागे दोन शिकाऊ. एक्स-रे खिडकीकडे धरायचा, जखमेची पट्टी उचलून बघायचा, पायाचा अंगठा हलवायला लावायचा. खाटेखाली नजर गेली असती तर तिथे पिशवी नव्हती. चादरीवर मखमलीचं काहीतरी होतं, म्हातारी माणसं ठेवतात तसं.

“मस्त, काका! आठवडा संपायच्या आत घरी.”

घरी! त्या शब्दावर मास्तर दिवसभर जगले. घरी गेल्यावर काय काय करायचं ते सांगत बसले. आधी आपल्या मोरीत स्वतःच्या पायावर उभं राहायचं. मग चहा. मग बाही. “त्या बाहीचा घेर मी जरा सैल धरलाय, तिथे चुण्या वाटून घ्यायच्यात, दुसऱ्याला नाही जमायचं.” कॅन्टीनचा चहा घेताना म्हणाले, “याला चहा म्हणत असतील तर घरी आपण काय पितो?” मास्तरणीने त्या संध्याकाळी दुकान झाडलं. मशीनच्या आजूबाजूने, कोटाला धक्का न लावता. स्टूल उचलून माळ्यावर टाकलं. खाट पुढच्या खोलीत आणली, म्हणजे त्यांना मशीन दिसेल. उशीला नवा अभ्रा घातला. झोपताना मधल्या पडद्याला म्हणाली, “आलेच हं आता.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वॉर्डात आली तेव्हा दारातूनच तिला टकटक ऐकू आली.

मास्तर चमच्याने खाटेच्या कठड्यावर ठोकत होते. पातेल्याकडे हात जावा तशी ती धावली.

“आले, आले! चहा हवा का?”

“दोरा संपलाय,” मास्तर म्हणाले. “काळा दे. गिऱ्हाईक उभं आहे.”

ती हसली. मग पाहिलं तर त्यांचे डोळे तिच्याकडे नव्हतेच, तिच्या मागे कुठल्या तरी गिऱ्हाइकाकडे होते. ओठ सुकलेले. खांदे थडथड उडत होते. हात लावला तर अंग तव्यासारखं. मखमलीचं बटण काढून पाहिलं तर आतलं पाणी गढूळ, दुधात माती कालवल्यासारखं, आणि वास असा की शेजारच्या खाटेवरचा माणूस कूस बदलून झोपला.

“अहो, मी आहे. इकडे बघा.”

“तू कोण?” मास्तर म्हणाले. “मास्तरीण आत आहे. तिला सांग, काळा दोरा.”

मग धावपळ झाली. इंजेक्शनं, सलाईन, रक्त काढणं. घरी जाण्याचं नाव निघालं की ज्याला विचारावं तो घड्याळाकडे बघायचा. आणि तेव्हाच ती बाई आली, जिला वॉर्डात सगळे पाठीमागे हातधुवी म्हणत. इस्पितळात कुणाला कुठून जंतू लागले हे शोधत फिरायचं हेच तिचं काम. ती येताना दिसली की मामा बेसिनकडे पळायचे, डॉक्टरांना एकाएकी फोन यायचे. बुटकी, चष्मेवाली, आवाज चिरका. लोकप्रिय होण्याची तिला अजिबात हौस नव्हती. तिने आधी हात धुतले, मग चादर उचलली, मग खोळ उघडली.

“ही खोळ कुणी शिवली?”

“मी,” मास्तरीण म्हणाली.

“शिवण सुंदर आहे. पिशवी वर कुणी ठेवली?”

“मीच. लोक येतात, बरं दिसत नाही.”

“काकू, ही लघवी आहे. खाली उतरलेली घाण. पिशवी पोटावर ठेवली की ती नळीतून उलटी आत जाते. गटाराचं पाणी न्हाणीघरात यावं तशी. आतून रक्तात जाते. तुमच्या माणसाला ताप आलाय तो हाडाचा नाही, याचा आहे.”

मास्तरणीने खाटेचा कठडा धरला. वन्सं ‘अजून कोमट आहे’ म्हणाल्या तेव्हा हसले होते ते दोघं.

नेमक्या त्याच वेळी वन्सं आल्या. “अगंबाई, पुन्हा शेक काढून टाकला का?” म्हणत त्यांनी मखमलीला हात घातला.

“तो शेक नाही,” हातधुवी म्हणाली. “ती लघवी आहे.”

वन्सं आपल्या दोन्ही तळव्यांकडे बघत राहिल्या. मग मास्तरणीकडे. मग पुन्हा तळव्यांकडे.

“बेसिन तिकडे आहे,” हातधुवी म्हणाली. “साबण लावून. बोटांच्या बेचक्यातही.”

तोवर हाडांचा डॉक्टर आला होता. त्याने नळी पाहिली आणि त्याच्या तोंडून जे निघालं ते मास्तरीण मरेपर्यंत विसरणार नाही.

“म्हणजे नळी अजून आहे?”

“आहे,” हातधुवी म्हणाली. “आपण रोज बघत होतात ना पेशंट?”

“मला वाटलं, सिस्टरांनी...”

“सर, तुम्ही सांगितलं नाहीत,” सिस्टर म्हणाली.

“तुम्ही आठवण करायची.”

“सर, तुम्हाला दिसत होतं की.”

“दिसत कुठे होतं? त्या मखमलीत—” आणि त्याने मास्तरणीकडे बोट केलं.

बस्स. कठड्यावरचा हात सुटला.

“माझ्याकडे बोट करू नका,” ती म्हणाली. “माझी चूक मला कळली. ती मी भोगणार आहे, तुम्ही नाही. पण मी शिंप्याची बायको आहे. मला लाज झाकायची शिकवलेली, नळी कुठे टांगायची ते नाही. तुम्हाला ते शिकवलं होतं. एवढी माणसं या खाटेपाशी आली, पट्टी पाहिली, फोटो पाहिला, अंगठा हलवून पाहिला. चादर कुणी उचलली? चोर सोडून संन्याशाला फाशी देता? मखमल दिसली नाही असं तर नव्हतं ना! ‘हे काय आहे’ एवढं तरी विचारायचं होतं.”

डॉक्टरचा चेहरा उतरला. तो वाईट नव्हता. वाईट माणसाने केलं असतं तर शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. तो हळूच म्हणाला, “विचारायला हवं होतं.”

जुनी नळी निघाली, लघवी तपासायला गेली, स्वच्छ हातांनी नवी नळी बसली. हातधुवीने ती मास्तरणीच्या डोळ्यांदेखत खालच्या दांड्याला लावली, जमिनीला टेकणार नाही अशी. या खाटेचा मग वेगळा केला, त्यावर नंबर टाकला, आणि मामांना बाजूला घेऊन असं काही सुनावलं की ते दोन दिवस मोबाइलच्या खोळीबद्दल बोलले नाहीत.

“ही नळी का घातली?” मास्तरणीने विचारलं. “काढा ना आता!”

“आज तिला कारण आहे. अंगात विष आहे, मूत्रपिंड चालतंय की नाही ते मोजायचंय. कारण संपलं की नळी बाहेर. काकू, तुम्ही एक करा. रोज सकाळी डॉक्टर आले की विचारायचं, नळी आज कशासाठी? उत्तर मिळेपर्यंत वाट सोडायची नाही.”

“ते रागावतील.”

“रागावू देत. माझ्यावर सगळेच रागावतात. मी काही वाळले का?”

त्यानंतरचे दिवस मास्तरीण कशी जगली ते तिलाच ठाऊक. मास्तर कधी दुकानात असायचे, कधी लहानपणीच्या घरी, इस्पितळात मात्र नसायचे. ती शेजारी बसून त्यांच्या हाताची बोटं धरायची. तर्जनीच्या पेरावर सुईने पडलेले घट्टे, अंगठ्याला कात्रीचा वण. माणूस हातात होता आणि तरी ती त्याची वाट बघत होती. वाट बघायला माणूस दूर असावाच लागतो असं नाही. वन्सं यायच्या, आल्या आल्या हात धुवायच्या, जाताना पुन्हा धुवायच्या. पिशवी खाटेखाली उघडी लटकत होती. कुणी बघितलं तर मास्तरीण म्हणायची, “बघा नीट. आज जरा पिवळी आहे, काल गढूळ होती.” लाज कुठे गेली कुणास ठाऊक. लाजेला परवडणारे दिवस नव्हते ते.

आणि रोज सकाळी ती डॉक्टरच्या वाटेत उभी राहायची.

“नळी आज कशासाठी?”

“मोजमापासाठी, काकू. ताप आहे अजून.”

पुढच्या सकाळी पुन्हा. त्याच्या पुढच्या सकाळी शिकाऊंपैकी एक तिला बघून हसला. डॉक्टरने त्याला डोळ्यांनीच गप्प केलं.

मग एका सकाळी मास्तर तिच्याकडे बघून म्हणाले, “पदराला चहाचा डाग आहे तुझ्या.” ती इतकी रडली की सिस्टरला वाटलं, काही विपरीत झालं. डॉक्टर आला. तिने डोळे पुसत विचारलं, “नळी आज कशासाठी?”

डॉक्टरने नाडी पाहिली. तापाचा कागद पाहिला. “आज... कशासाठीच नाही. उद्या सकाळी काढू. पण काकू, काढल्यावर दुपारपर्यंत त्यांना स्वतःहून व्हायला हवी. इतके दिवस नळी असली की कधीकधी पोटातली लघवीची पिशवी आळसावते, मग होत नाही. नाही झाली तर पुन्हा घालावी लागेल. आणि नळी असताना मी घरी सोडणार नाही.”

म्हणजे सगळं येऊन एका लघवीवर थांबलं होतं. मास्तर ऐकत होते. म्हणाले, “ती नळी पुन्हा नको गं. पुन्हा नको.” तापात जेवढं घाबरले नव्हते तेवढे ते आता घाबरले होते.

त्या दिवशी ती दिवे लागायच्या आधीच घरी आली आणि दुकानाची खिडकी उघडली. बाहेर अजून उजेड होता. कोट होता तिथेच होता. ती मशीनच्या खुर्चीवर बसली, जी तिने कधी वापरली नव्हती, आणि पहिल्यांदाच त्या सुईकडे जवळून पाहिलं. सुईच्या पायथ्याशी कापडावर काहीतरी तांबूस होतं. तिने बोट लावलं. पुसलं जाईना. हवेतल्या ओलीने सुई गंजली होती, आणि गंज बाहीत उतरला होता.

मग चाक हाताने फिरवलं, सुई वर आली, दाबपट्टी उचलली आणि कोट मशीनवरून काढला.

सकाळी नळी निघाली. मास्तर पाणी प्यायले, पुन्हा पाणी प्यायले. दुपार कलायला आली. वॉकर धरून, एका बाजूला मास्तरीण, एका बाजूला सिस्टर, असे ते वॉर्डाच्या टोकाच्या संडासापर्यंत गेले. भिंतीतल्या दांड्याला धरून उभे राहिले. सिस्टर बाहेर आली. मास्तरीणही बाहेर आली, दार लोटून.

काही नाही.

“नळ सोडा, काका,” सिस्टर म्हणाली. नळाचा आवाज आला. नुसता नळाचाच.

“नाही होत,” आतून मास्तर म्हणाले. आवाज लहान मुलासारखा. “बाहेर सगळे कान लावून उभे आहेत.”

सिस्टर पाय वाजवत लांब गेली. मास्तरीण थांबली. वॉर्डात आणखी एक नळी ट्रेमध्ये तयार होती, तिने येताना पाहिली होती.

“अगं, आहेस ना तिथे?”

“आहे.”

“काहीतरी बोल. दुसरं काहीतरी.”

दुसरं काहीतरी तिच्याकडे एकच होतं. कालपासून घशात अडकलेलं.

“कोटाची सुई मी काढली नव्हती,” ती दाराला म्हणाली.

“कुठली सुई?”

“तुम्ही पडलात तेव्हाची. बाहीतली. तशीच ठेवली होती. तुम्ही येऊन टीप संपवाल म्हणून.”

नळ वाहत होता.

“इतके दिवस? कापडात?”

“हो. गंजली. डाग पडलाय.”

“अगं, तुला काही अक्कल!” आतून मास्तर कडाडले. वॉर्डातली दोन डोकी वर झाली. “संसार केलास ना माझ्याबरोबर? किती वेळा सांगितलं, काम थांबलं की सुई बाहेर! गिऱ्हाईक मेलं तरी सुई बाहेर! पोलाद आहे ते, कापडात विसरलं की कापड खातं. लोकरीचा कोट आहे तो, चिंधी नाही! कुठे पडलाय डाग? वरच्या बाजूला की आत? बोल ना! आयुष्यभर मी काय शिकवलं मग या घरात, की नुसती—”

मास्तर मधेच थांबले.

नळाच्या आवाजात दुसरा एक आवाज मिसळला होता. आधी अडखळत, थांबत, नव्या गिऱ्हाइकासारखा. मग धागा लागला तसा सरळ, एकसारखा. हात पुढे करून नळ बंद करावा असं वाटून मास्तरणीने दार किंचित ढकललं, मग ओढून घेतलं आणि भिंतीला पाठ टेकून ऐकत उभी राहिली. पडद्याआड उभं राहून ती असंच ऐकायची, मशीन चालू असलं की.

“झाली का, काका?” लांबून सिस्टर ओरडली.

“चालू आहे!” मास्तर ओरडले, आणि सगळा वॉर्ड हसला. वन्सं हसल्या, मामा हसले. मास्तरणीने तोंडात पदर कोंबला.

आवाज संपला. मग दाराच्या आतल्या बाजूने बोटाच्या पेराने दोनदा टकटक.

“आले,” ती म्हणाली.

मास्तर दांड्याला धरून उभे होते, घामाने भिजलेले, पाय थरथरत. त्यांनी आधी बेसिनकडे वळून हात धुतले, बेचक्यांतही. मग तिच्या खांद्यावर भार टाकला.

“लिंबू आणि मीठ चोळ त्याला,” ते म्हणाले. “आणि उन्हात ठेव.”

“जाईल का पण डाग?”

मास्तरांनी दुखऱ्या पायाचं पाऊल उचललं, टेकवलं, पुन्हा उचललं.

“ताजा असेल तर जातो,” ते म्हणाले. “घरी गेल्यावर बघू.”